किंकाळीखालची धून

खरं तर हे मी सांगायचं नाहीये, दादानं बजावलंय, पण तुम्हाला सांगते, आमच्या घरात वर्षभर एक बाई किंचाळतेय आणि शेजाऱ्यांनीही आता विचारायचं सोडलंय... बाई म्हणजे एका जुन्या भुताच्या सिनेमातली नायिका. सिनेमा आहे, पण त्याच्या संगीताचे कागद गेले, टेपाही गेल्या, म्हणून आमचा दादा नोकरी सोडून ते कानानं ऐकून पुन्हा बसवतोय, संवादांमागचा, पावलांमागचा एकेक सूर वेचून. आई म्हणते, "सुईत दोरा ओव म्हटलं तर डोळे दुखतात याचे." व्हायोलिन माझ्याकडे. मी वाईट वाजवते, पण भुताला चालतं म्हणे. मला आता काही वाटत नाही.

तर सगळं बसलं, राहिली जिन्यावरची किंकाळी. तिच्याखाली काय वाजतंय ते कुणाच्या बापाला ऐकू येईल? दादा जेवेना, झोपेना. "तिथे काहीतरी गोड आहे गं, चिमणे. गोड आहे म्हणूनच भीती वाटते." बरं बाबा, गोड. मग एका दुपारी रेकॉर्डिंगमध्ये ते गोड आलं, आत कुठेतरी, बारीक... दादा डोळे पुसत म्हणाला, "तू वाजवलंस?" मी कुठली वाजवतेय? ते आमचं कपडे धुण्याचं मशीन. धुणं संपलं की धून वाजवतं, ती भिंतीतून माइकमध्ये शिरलेली. दादानं तीच ठेवली, जरा संथ करून. वर मला, "मरेपर्यंत बोलायचं नाही."

तेवढा तुकडा दादानं इंटरनेटवर टाकला, तर आता कुठले कुठले चाहते लिहितात, काय जागा आहे, अंगावर काटा आला. माझ्या अंगावर ओले टॉवेल येतात. मला काही वाटत नाही.

पण आत्ता बाहेरच्या खोलीत त्या सिनेमात वाजवलेले व्हायोलिनवाले आजोबा बसलेत. ते "हेच" म्हणाले तर सिनेमा दादाच्या संगीतासह थिएटरात लागणार, नाहीतर दादा परत जुन्या साहेबासमोर मान खाली घालून. ऐकताना आजोबांची बोटं गुडघ्यावर चालत होती, किंकाळीपाशी थांबली. "बाळा, बाकी सगळं जवळपास. पण ही जागा... अगदी हीच. कुठं सापडली तुला?"

दादा म्हणाला, "साधना."

आजोबा एवढे गहिवरले की चहा सांडला, आणि आईनं टेबलावरचं कापड लगेच मशीनमध्ये टाकलं. दादानं डोळ्यांनीच मला आत पिटाळलं. मधेच बंद केलं तर मेलं आणखी मोठ्यानं वाजतं, म्हणून मी उशी दाबून बसलेय आणि... हं. वाजलं.

"अगं ए, आजोबा विचारतायत, आत कोण वाजवतंय? त्यांना बाहेर घेऊन ये म्हणतात!"

आले, आई... मला काही वाटत नाही हो, फक्त एवढं जड मशीन एकटीनं बाहेर कसं ने...