दुखेपर्यंत चालायचं

डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि माझ्या शेजारच्या बाकावर टेकलं.

“अहो, काय म्हणाले ते नीट सांगा बघू.”

“अगं, पोटरीची रक्तवाहिनी तुंबलीय. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. स्नायू कळवळला, जरासा सुजला, की रक्त मागतो म्हणे. मग आजूबाजूला नव्या बारीक वाहिन्या फुटतात.”

“आणि सूज उतरायची गोळी घेतली तर?”

“चालण्याआधी नकोच म्हणाले. सूजच मारली तर तो मागणार कसा?”

“मग माझंच चुकलं.”

“काय चुकलं?”

“तुम्ही फिरायला निघालात की माझी गुडघ्याची गोळी कुटून तुमच्या चहात घालत होते. तुमचं लंगडणं बघवत नव्हतं हो.”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे?”

“कडूजहर लागायचा चहा.”

“मग गप्प प्यायलात कशाला?”

“मी न लंगडता घरी आलो, की तू दोन घास नीट जेवायचीस.”

ती पदर खोचून उभी राहिली.

“काय झालं?”

“काही नाही. उठा. चालतच जाऊ घरी. दुखलं की थांबा, पण मला सांगू नका.”