जेल ओलं आहे तोवर

—यारिसेलचं मग, बाई, आधी हात द्या. शाळा सुटली की मास्तरीण घरी जाते, जेवते, आडवी होते; तुम्ही पेपरांचा गठ्ठा काखेत मारून थेट माझ्या दुकानात, म्हणजे माझ्या पोरीनं काहीतरी दिवे लावलेत, एवढं कळतं मला. पण मिगदालियाच्या खुर्चीत बसून नखं न करता उठलेली बाई अख्ख्या बानी गावात नाही. आणि हळू बोला, ती मागच्या खोलीतच आहे. थांबा, रेडिओ जरा मोठा करते. हं. अगं बाई, ही काय नखं म्हणायची? खडूनं खाल्लीत सगळी. लाल लावू? लालच लावते, नावं ठेवणारा नवरा तर तुमचा केव्हाच वर गेला.

घाबरू नका, हात नाकाशी धरला म्हणून काय झालं — वास नाही घेत, बघतेय. डोळ्यावर आपल्या सगळ्यांच्या एक काच असते ना, घड्याळावर असते तशी? तुमची गोल, गुळगुळीत. माझी मध्येच पातळ होऊन पुढे आलीय, टोकदार, आणि दरवर्षी आणखी थोडी येते. नाव भलतंच लांब आहे. आमच्या सासूबाई नुसतं ‘शिंग’ म्हणतात. म्हटलं, आई, नवऱ्यानं फसवलं की बायकोला शिंगं फुटतात म्हणतात ना, ती मला तुमच्या लेकानं केव्हाच आणली, चार गल्ल्यांत चार बायका करून, हे त्यातलंच एक आत वळलं असेल! लेन्स काढली की तुमची बोटं मला वीस दिसतात. पैसे दहाचेच घेते.

तर ती लेन्स. कडक असते, टिकलीएवढी, निळसर. सकाळी घालायची म्हणजे डोळ्यात मिठाचा खडा ठेवून दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं. त्यात आपला हा वारा, सालिनासच्या किनाऱ्यावरची वाळू घेऊन येणारा — एक कण आत गेला की मी जागच्या जागी नाचते, लोकांना वाटतं बाई खुशीत आहे. थेंब फ्रीजमध्ये ठेवते, अंड्यांशेजारी. गार घातले की जरा बरं वाटतं. रात्री ओलं फडकं. आणि चोळायचं नाही! चोळलं की काच आणखी झिजते म्हणे. अहो, पण चोळण्यात जे सुख आहे ना, बाई, असं मुठीनं, हाडापर्यंत — दोन नवरे केले मी, दोघांत मिळून तेवढं नव्हतं.

काय? हो हो, यारिसेलचं, येतेय त्यावर. आधी हे ऐका. त्या पोस्टातल्या ओलांडाच्या भाचीचं लग्न होतं, ओलांडाला अंगठ्याच्या नखावर चमकते खडे हवे होते. खडे लावता लावता माझा डोळा चुरचुरला, मी मिचकावला, लेन्स टपकन पडली. मी जमिनीवर, ओलांडा जमिनीवर, डोक्यात रोलर घातलेल्या तीन बायका जमिनीवर — सापडेना. मग बाकीचं एका डोळ्यानं उरकलं, वरून नखांचं ओलं जेल फासलं, दिव्याखाली धरून कडक केलं, पाठवलं. दोन दिवसांनी ओलांडा परत हजर: मिगदालिया, तो निळा मोठा खडा सगळ्यांना आवडला गं, दुसऱ्या अंगठ्यावरही लाव! बाई, माझा डोळा तिच्या नखावर बसून लग्नात रात्रभर बाचाता नाचून आला, आणि मी घरी आंधळ्यासारखी चाचपडत पातेल्याची करपलेली खरड खात होते.

हसलात की नाही! हं, हा हात दिव्याखाली ठेवा. हलवायचा नाही. हा दिवा बघा — राजधानीतली डॉक्टरीण म्हणाली, याला एक उपाय असतो: डोळ्यात पिवळे थेंब घालायचे, वर निळा-जांभळा दिवा धरायचा, काच घट्ट होते, आहे तिथे थांबते. मी उठलेच खुर्चीतून — अहो डॉक्टर, हे तर जेल! तेच तर मी बायकांच्या नखांना करते! दिवा घरचाच आहे, मीच घालते डोकं. तर म्हणाली, त्या दिव्यानं आंधळी व्हाल, वेडेपणा करू नका, आणि आमचा दिवाही तुम्हाला आता चालायचा नाही. काच फार पातळ झाली. कोवळ्या वयात यायला हवं होतं. कोवळ्या वयात मी डोळे चोळत होते आणि पोरं बघत होते, दोन्हीचं फळ मिळालं. आता मेलेल्या माणसाची काच मिळाली तर. डोळे सांभाळणाऱ्या सांता लुसियाला मेणबत्ती लावते — तिच्या हातात ती ताटली, त्यात दोन डोळे, तळलेल्या अंड्यांसारखे, आणि चेहऱ्यावर वेगळे दोन. म्हटलं, चार आहेत गं बये, एक दिलास तर काय बिघडेल?

काय म्हणालात?

पहिल्या बाकावर बसवूनही फळा दिसत नाही तिला?

…डोकं तिरकं करून बघते. एक डोळा मिटून. हो.

माहीत आहे मला. बाई, डोळे चोळण्याला आवाज असतो, ओला, किचकिच असा. तुम्हाला ठाऊक नसेल, मी झोपेतही ओळखते. भिंतीपलीकडून येतो, रोज. आणि मी काय करते? रेडिओ मोठा करते. तिला नेलं असतं तर डॉक्टरणीनं त्या रोगाचं नाव घेतलं असतं, आणि नाव घेतलं की ते माझ्याकडूनच आलेलं. माझं नाक घ्यायचं पोरीनं. ढुंगण घ्यायचं — एवढं चांगलं ढुंगण आहे माझं! तर घेतले डोळे. भीती वाटते हो मला. तिच्याकडे नीट बघायचीसुद्धा भीती वाटते.

रडत नाहीये, लेन्स टोचतेय. चोळतही नाहीये, हे बघा, दोन्ही हात वर.

पंधराची आहे ती. पंधरा म्हणजे कोवळीच ना, बाई? ओलं आहे ना अजून सगळं? ओलं आहे तोवरच दिव्याखाली धरायचं असतं, मीच सांगते सगळ्यांना, मीच.

उठा. उठा म्हणते ना, दुकान बंद. दुसरा हात? दुसरा परवा, आज एकाच हातानं जा, गावाला बोलायला विषय होईल. राजधानीची गाडी गाठायचीय, रात्री बहिणीकडे टेकू, सकाळी डॉक्टरीण. तो रेडिओ बंद करा जाता जाता.

यारिसेल! चपला घाल. — आणि हात खाली घे डोळ्यावरून. दिसतंय मला.