बाण उजव्या कडेला

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्य अभियंता साहेब व मान्यवर पाहुणे, रस्ते खात्याच्या आरेखन विभागातील सहकारी, खास वेळ काढून आलेले चालक बांधव आणि रसिक श्रोतेहो,

आजची सत्कारमूर्ती माझी धाकटी बहीण. तिच्याविषयी तटस्थपणे बोलणं मला जमणार नाही, आणि खरं सांगू का, जमवायची इच्छाही नाही. तुम्ही तिला मॅडम म्हणता. आमच्या घरी ती धाकटीच. जेवताना तिचं ताटाकडे लक्ष कमी, रस्त्यावरच्या पाट्यांच्या गोष्टी जास्त. धोक्याच्या सुरुवातीच्या पाट्या मोटारींसाठी नव्हत्या, तीव्र उतारावर सायकलवाल्यांना सावध करायला लावल्या होत्या, हे मी तिच्याकडूनच ऐकलं. ‘थांबा’च्या पाटीला आठ कोपरे असले की पलीकडून येणाराही ती पाठमोरी ओळखतो, हेही. मी मुख्याध्यापिका, सुवाच्य अक्षराचं मला भारी वेड. ती म्हणायची, “ताई, तुझी मुलं बसून वाचतात. माझा वाचक पळत असतो गं.”

पण हे वेड तिला खरं लागलं ते आमच्या घरावर आलेल्या संकटामुळे.

माझे यजमान लांब पल्ल्याची बस चालवत. एका नव्या मार्गावर फाटा आला. पाटीवर दोन गावांची नावं, एकाखाली एक, आणि दोन्ही बाण पाटीच्या उजव्या कडेला. डावीकडे वळायचं सांगणारा बाणसुद्धा उजवीकडेच! यजमानांना जायचं होतं डावीकडच्या गावाला, पण त्यांनी बस उजवीकडे घातली. तो रस्ता रेल्वेच्या ठेंगण्या पुलाखालून जात होता. बसचं छत पुलाला घासून फाटलं. पुढच्या बाकावरच्या एका बाईंचा हात कायमचा अधू झाला.

चौकशीत त्यांना एकच प्रश्न विचारला गेला, “तुम्हाला वाचता येत नाही का?” ते निलंबित झाले. घरी आले आणि महिनोन्‌महिने खिडकीपाशी बसून राहिले. त्या बाईंना भेटायला गेले, तेवढेच काय ते घराबाहेर पडले.

धाकटी तेव्हा याच खात्यात नवखी आरेखक होती. ती त्या फाट्यावर जाऊन उभी राहिली. येणारी प्रत्येक गाडी तिथे अडखळत होती. परत येऊन ती तेव्हाच्या साहेबांना म्हणाली, “चूक पाटीची आहे.” साहेब म्हणाले, “पाटी आपली आहे, हे लक्षात आहे ना? बदलली म्हणजे चूक कबूल केली.” त्यावर ही म्हणाली, “आणि नाही बदलली, तर पुढच्या जखमीला काय सांगायचं?”

श्रोतेहो, नोकरी पक्की नसताना असं बोलायला काय लागतं? मला तर त्या दिवशी तिचा रागच आला होता. म्हटलं, “एकाचा पगार बंद झालाय, आता तुझाही घालवतेस का?” वापरात नसलेल्या एका रस्त्यावर चाचणी घ्यायची परवानगी मिळेपर्यंत ती साहेबांच्या दारातून हलली नाही.

चाचणीसाठी तिला चालक हवा होता. यजमान म्हणाले, “मी चाकाला हात लावणार नाही.” ती म्हणाली, “भावजी, ज्याला पाटीने फसवलं त्यालाच मला विचारायचंय.” ते कसेबसे उठले.

तिने काढलेली पहिली पाटी किती देखणी होती! बारीक रेषा, नाजूक बाण. यजमानांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, “छान आहे, पण मला दिसलीच नाही.” तिचा चेहरा पडला. दुसरी पाटी जरा बरी, पण तिच्यावरची अक्षरं एकमेकांना चिकटलेली. ती घरी आली, रडली, तोंड धुतलं आणि पुन्हा कागद पसरून बसली. तिसऱ्या पाटीत तिने बाण जाड केले, अक्षरं मोकळी केली आणि डाव्या गावाचा बाण डाव्या कडेला नेला. एका गावाचं नाव सांगून तिने बस सुरू करायला लावली. शेजारी साहेब बसलेले. त्यांना अजून पाटीवरचं एक अक्षर लागत नव्हतं, तेवढ्यात यजमान ओरडले, “डावीकडे!”

साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून पाटीपर्यंत चालत गेले. मग म्हणाले, “बदला.” चौकशी पुन्हा उघडली, निलंबन मागे घेतलं गेलं. यजमानांनी निवृत्तीपर्यंत बस चालवली. त्या बाईंचा हात मात्र बरा झाला नाही. धाकटीने ते कधी विसरू दिलं नाही, स्वतःलाही नाही आणि खात्यालाही नाही. तेव्हापासून चालकांना दाखवल्याशिवाय या विभागातून एकही नवी पाटी बाहेर पडलेली नाही.

अध्यक्ष महोदय, हे सारं तिच्या हट्टावर चाललं. नियम म्हणून ते कुठेच नाही. ती आज निवृत्त होतेय, उद्यापासून येणार नाही. मग? भेटवस्तूसाठी तुम्ही तिला काय हवं ते विचारलंत, तेव्हा ती लाजून ‘काही नको’ म्हणाली. तिच्या वतीने मी मागते: हा नियम करा. तुमचा होकार मिळेपर्यंत मी या ध्वनिक्षेपकापासून हलणार नाही. हट्ट आमच्या घराण्यातच आहे.

...अध्यक्ष महोदयांनी होकारार्थी मान हलवली. सभागृहाने पाहिलं ना? मागच्या रांगेतल्या चालक बांधवांनी पाहिलं ना? मग झालं तर.

आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. दिलेला होकार तेवढा पोटात ठेवू नका.