तुकोजीरावांचा हर्निया

आधी चहा ओता, मग सांगतो. वर्षभर मी आमच्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टरांना एकच गोष्ट घोकून सांगतोय. थिएटरमध्ये चूक दिसली की बोला, समोर मोठे साहेब असले तरी बोला, पेशंट आपल्या सगळ्यांचा आहे. मुलं माना डोलावतात.

आज चिकपेट बाजारातले तुकोजीराव शिंपी टांग्यातून आले. डावीकडचा हर्निया. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलेलं, माणूस मात्र पूर्ण जागा. मोठ्या साहेबांनी सुरी उचलली आणि म्हणाले, "चला, उजवी बाजू."

मी तेव्हा शेजारच्या थिएटरमध्ये होतो. नंतर मूर्तीला, आमच्या सगळ्यात नव्या शिकाऊ डॉक्टरला, गाठलं. "सकाळी तूच तपासलं होतंस ना त्यांना?"

"हो सर. मी लगेच राजण्णाला खुणावलं. तो मला सीनियर."

"आणि राजण्णानं?"

"साहेबांच्या हाताखालच्या रजिस्ट्रारांच्या कानात सांगितलं. साहेबांना कसं सांगावं, याचा ते विचार करत होते."

"मग थांबवलं कोणी?"

"तुकोजीरावांनीच. पडद्यामागून म्हणाले, स्वल्प थांबा डॉक्टर, माझं दुखणं डावीकडचं."

ऑपरेशन डावीकडेच झालं, ठीक झालं. तेवढ्यात साहेब हात पुसत बाहेर आले. वाटलं, आता तरी काही बोलतील. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमची मुलं शिस्तीची आहेत हो. एकानंही चकार शब्द काढला नाही. आता जरा पेशंटांनाही शिकवा."