दहा नंबरची काच

मंजुळाबाई : ...आन् उन्हाचा चष्मा घालून पुन्हा त्या मशीनपाशी बसलात, तर मी पाहुण्यायला फोन करून सांगते, येऊच नका म्हणून. लोक रिटायर झाल्यावर तीर्थाला जातात. तुमी वेल्डिंग मशीन आणलं!

विश्वंभर : अगं, उद्या ते प्रतिक्षाला बघायला येणार आणि फाटक सुतळीनं बांधलेलं. काय म्हणतील?

मंजुळाबाई : थोरल्या पुनमच्या बारीला पाहुणे काय म्हणले होते, ते इसरलात?

विश्वंभर : नाही विसरलो.

प्रतिक्षा : मला तर तोंडपाठ आहे. वेल्डिंगच्या उजेडानं डोळे आले, बाबा रातभर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले. सकाळी डोळे लालभडक, पाणी गळून राहिलं. आन् ताईचे सासरे हळूच मामाला विचारतात, "गुरुजी रोज घेतात, का सणावारीच?"

विश्वंभर : बाधेल म्हणून ताकसुद्धा जपून पिणारा माणूस मी.

मंजुळाबाई : आन् गळा? उघड्या गुंडीतून भाजला. महिनाभर लाल तिकोन घेऊन फिरले.

विश्वंभर : म्हणून या खेपेला नीट वाचलं आहे. हा टोप बघ, आखाडा बाळापूरहून आणला. चेहरा, कान, गळा, सगळं झाकतो. काच दहा नंबरची, काळीकुट्ट; नंबर जितका मोठा तितकी काळी. कदाचित अकरा हवी होती... दुकानदाराला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

प्रतिक्षा : आपल्या एवढ्याशा मशीनला दहा बराबर आहे. मी पण वाचलं. हातमोजे?

विश्वंभर : चामड्याचे. पण अंगात काय घालावं? माझा सफारी चांगला जाड आहे.

प्रतिक्षा : टेरिकॉटचा? ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटंल! जाड सुती पाहिजे, लांब बाह्यांचं. माझं जीन्सचं जाकीट घाला. ढगळं आहे, बसंल तुम्हाला.

विश्वंभर : त्याच्या पाठीवर फुलपाखरू आहे ना?

मंजुळाबाई : घाला गुमान. खाली खाकी पँट, पायात बूट. कोण पाहून राहिलं तुमाला? आन् म्हशीचं काय? ती दिवसभर तुमच्याकडंच पाहत राहती.

विश्वंभर : तिचं तोंड भिंतीकडं करू. तुम्ही दोघीही घरातच थांबा. बघायचं नाही.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. पाहुणे नुकतेच गेले आहेत.)

मंजुळाबाई : जेवायच्या वक्ताला येतो म्हणले, आन् सकाळच्या चहाच्या वक्तालाच दारात!

विश्वंभर : शेवटचा टाका राहिला होता. मान वर केली तर समोर चौघांचे आवाज.

मंजुळाबाई : मंग टोप काढून रामराम करायचा ना!

विश्वंभर : सुचलंच नाही. मुलाचे वडील म्हणाले, "मिस्तरी, शिरड शहापूरला आमच्या गोठ्याचं पण काम आहे. याल का?" मी म्हटलं, येतो.

मंजुळाबाई : येतो?

विश्वंभर : नाही म्हणवेना.

प्रतिक्षा : आन् मी बाहेर येऊन म्हणले, "बाबा, चहा." बाबा माझ्याकडं वळले, तर त्या पोरानं एकदा त्यांच्या पाठीवरच्या फुलपाखराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आन् असा हसला की ठसकाच लागला त्याला.

मंजुळाबाई : पर टोप काढला तवा डोळे कसे निवळ होते! मी व्याह्यायला म्हणलं, नीट बघून घ्या.

विश्वंभर : अजून व्याही कुठं झाले? प्रतिक्षा, तुला तो... म्हणजे, विचारावं की नाही कळत नाही...

प्रतिक्षा : आवडला, बाबा.

विश्वंभर : बरं. बरं झालं. छान.

मंजुळाबाई : अहो, आता टोप काहून घालून राहिले? फाटक तर झालं ना?

विश्वंभर : झालं गं. एक टाका जरा... पुन्हा बघतो.

प्रतिक्षा : पण बाबा, मशीनची पिन तर काढलेली आहे!

मंजुळाबाई : राहू दे, प्रतिक्षा. डोळ्यांवर ठेवायला बटाटे हायेत घरात.