मेंबरची खुर्ची

त्र्याऐंशी साल. निपाणी स्टँडवर बेळगावच्या गाडीसाठी रांगेत माझ्यापुढं एक थोराड बाई आणि तिचा नोकरदार भाऊ उभे होते.

"बेळगावच्या त्या सवलतीच्या दुकानात मेंबर झाल्याबिगर किंमतबी सांगत न्हाईत म्हणं?"

"न्हाईत, आक्का. आजच मेंबर व्हा, उद्या घेणार न्हाई म्हणाले."

"आणि तू अख्खा पगार भरून आलास. बायकोला विचारून येतो म्हणायचं की रं."

"म्हणलो. तिथली बाई हसली. म्हणाली, साहेब, घरात तुमचं चालत नाही का?"

"म्हणून सही केलीस व्हय?"

"तवा न्हाई केली. उठून निघालतो."

"मग?"

"मॅनेजरनं सोताच्या हातानं खुर्ची पुढं सरकवली. बसा साहेब म्हणाला. त्याच्या कपासारख्याच कपात मला चहा दिला. आपला बा मिठासाठी दुकानाच्या पायरीखाली उभा ऱ्हायचा, आक्का."





"आज पैसे परत माग."

"मागतो. पण तूबी आत चल."

"मी कशाला? शिकलेला तू."

"त्यानं परत खुर्ची दिली, तर मी बसीन."