गाडीखाली कोण जाणार

स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे मेकॅनिक आणि त्यांची सून उभी होती.

"बाबा, गाडीखाली मी जाणार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर वाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"बरं बाई. ऑइल कुठलं घेशील?"

"फुल सिंथेटिक. टर्बो फार तापतो, त्याला साधं चालत नाही."

"आणि नवा फिल्टर कसा बसवशील?"

"रबराला ऑइलचं बोट लावायचं आणि हातानेच आवळायचा."

"शाब्बास! नवऱ्याला घे मदतीला."

"त्यांना? बॉनेट उघडायला सांगितलं तर वायपर सुरू केले त्यांनी!"

"आईवर गेलाय."

"बाबा, मला जमेल ना पण?"

"खालचा बोल्ट आवळायला विसरू नकोस, म्हणजे झालं. मी विसरलो होतो एकदा. सगळं ऑइल अंगणात."

"अगं बाई! कुणाची गाडी होती?"

"तुझ्या सासूच्या वडिलांची. लग्न ठरायचं होतं अजून."

"मग?"

"मग काय, अंगण पुसता पुसता ठरलं."

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, "या उस्ताद! काय काढू?"

म्हातारे बाजूला सरकले. "मला काय विचारतोस? मेकॅनिकबाईंना विचार."